गणवेशाचे दायित्व



ज्या अधिसेविकाबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. परंतु त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या परिसेविकांनी मला वॉर्डातले पहिले धडे दिले, आणि रुग्णाच्या खाटेला टेकून उभे राहू नये, कारण खाटेला धक्का लागला की टाके घातलेल्या पोटात कळ उठते, हे त्यांनी मला ज्या शांत व निश्चयी आवाजात सांगितले तो आवाज मूळचा कोणाचा होता हे मला पुष्कळ पुढे कळले. म्हणून चालकांनी विषय विचारताच रुग्णालयीन प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांचा वेष आणि त्यांचे वर्तन हा विषय मी निःशंक मनाने सुचवला.

अभ्यासक्रम सुरू होऊन काही आठवडे लोटले, पहिल्या पोस्टिंगचा दिवस जवळ आला, की विद्यार्थ्याच्या हाती नियमांचे एक पत्रक पडते. केस अंबाड्यात बांधून जाळीत ठेवावेत. नखे कापलेली व बिनरंगाची असावीत. हातात बांगडी, अंगठी, दोरा नसावा. पायातले बूट बंद आणि न वाजणारे असावेत. नावाची पट्टी दिसेल अशी लावावी. वॉर्डात मोबाईल वापरू नये. वरिष्ठ येताच उठून उभे राहावे. गणवेशात बाजारात जाऊ नये. ही कलमे एकाखाली एक येतात, त्यांखाली विद्यार्थ्याची सही घेतली जाते, पत्रक दप्तरी दाखल होते, आणि तेथे आपली जबाबदारी पुरी झाली असे संस्थेला वाटते. ज्या नियमाचे कारण आपणास ठाऊक नाही तो नियम मनुष्य पाहणाऱ्याची नजर असेपर्यंतच पाळतो. आणि वॉर्डात रात्रपाळीला पहाटे तीन वाजता, जेव्हा इन्चार्ज सिस्टर दुसऱ्या टोकाला एखाद्या अत्यवस्थ रुग्णाशी गुंतलेली असते, तेव्हा हात धुतले की नाही हे पाहणारे कोणीही नसते. माझे म्हणणे असे की, या पत्रकातील काही कलमे रुग्णाच्या खाटेपाशी जन्माला आलेली आहेत आणि काही समाजाच्या व वरिष्ठांच्या नजरेतून जन्माला आलेली आहेत; दोन्ही एकाच शाईत छापली गेल्यामुळे पहिलीचे मोल विद्यार्थ्याला कळत नाही आणि दुसरीची चिकित्सा करण्याचे धैर्य त्याला होत नाही. ही सरमिसळ कशी झाली हे समजण्यास थोडे मागे जाणे भाग आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडात पगारी परिचारिकेला प्रतिष्ठा नव्हती. चार्ल्स डिकन्सने १८४३-४४ साली ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरीत रंगवलेली सेरी गँप ही मद्यपी आणि बेपर्वा परिचारिका अतिशयोक्त असली तरी वाचकांना ती ओळखीची वाटली, यावरूनच त्या व्यवसायाची स्थिती ध्यानी येते. १८५४ च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांना घेऊन तुर्कस्तानातील स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या, तेव्हा त्यांच्यापुढे घाण, उवा, अतिसार आणि सैनिकी अधिकाऱ्यांची अढी हे प्रश्न तर होतेच. पण आपल्याबरोबर आलेल्या स्त्रियांपैकी काहींना दारूपायी परत पाठवण्याची पाळीही त्यांच्यावर आली. या परिचारिकांना करड्या रंगाचा, अंगावर नीट न बसणारा, मुद्दाम अनाकर्षक ठेवलेला पोशाख दिला होता आणि खांद्यावरून घ्यावयाच्या पट्ट्यावर लाल धाग्याने ‘स्कुतारी रुग्णालय’ अशी अक्षरे भरलेली होती. तो पोशाख पाहून त्या बायका खट्टू झाल्या. परंतु दारूच्या गुत्त्यांनी वेढलेल्या त्या वस्तीत एका सैनिकाने एकीचा हात धरला असता, ही नाइटिंगेलबाईंच्या माणसांपैकी आहे, सोड तिला, असे त्याच्याच सोबत्याने त्याला बजावले, अशी हकीकत चरित्रकारांनी नोंदवली आहे. म्हणजे परिचारिकेचा गणवेश आरंभी दोन कामे एकाच वेळी करीत होता. परक्या पुरुषांच्या जगात वावरणाऱ्या स्त्रीला तो अभयपत्रासारखा होता, आणि त्याच वेळी तिच्या शीलाविषयी शंका घेणाऱ्या समाजाला दिलेला तो जामीनही होता. पुढे शंभर वर्षांनी जामीन देण्याचे कारण उरले नाही, तरी जामिनाची कलमे मात्र पत्रकात तशीच राहिली.

१८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात नाइटिंगेल यांच्या निधीतून जी प्रशिक्षणशाळा सुरू झाली, तिच्यात उमेदवार विद्यार्थिनीच्या वर्तनाची दरमहा नोंद ठेवण्याचा शिरस्ता होता. त्या नोंदीतील शीर्षके मला फार बोलकी वाटतात: वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासार्हता, वैयक्तिक टापटीप व स्वच्छता, आणि वॉर्डाची व्यवस्था. यांपैकी शांतपणा हा शब्द आज पत्रकांतून जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्याच्या जागी ‘शिस्त’ आली आहे, आणि शिस्त ही वरिष्ठांना हवी असते, शांतता रुग्णाला हवी असते. नाइटिंगेल यांनी त्याच सुमारास लिहिलेल्या परिचर्येवरील प्रसिद्ध पुस्तकात गोंगाटावर एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातले आहे. सळसळणारे रेशीम, घेरदार झग्याच्या तारा, कमरेला किणकिणणाऱ्या किल्ल्या, करकरणारे बूट यांनी आजाऱ्याला होणारा त्रास जगातल्या सगळ्या औषधांनी होणाऱ्या उपकारापेक्षा अधिक असतो असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. आणि दाराशी उभे राहून कुजबुजणे हे तर त्यांना निव्वळ क्रौर्य वाटे, कारण ते बोलणे आपल्याच विषयी आहे हे जाणून रुग्ण ते ऐकण्यासाठी जिवाचे कान करतो. पादत्राण न वाजणारे असावे या आजच्या कलमाचा उगम येथे आहे. ज्या विद्यार्थिनीला हे सांगितले गेले ती टाचा वाजवीत वॉर्डातून जाणार नाही, आणि शिवाय राउंडच्या वेळी खाटेच्या पायथ्याशी मैत्रिणीशी कुजबुजणारही नाही. कारण तिला नियमाच्या पोटातले तत्त्व मिळालेले असेल. जिला केवळ बुटाचा रंग सांगितला गेला ती बूट बरोबर घालील आणि कुजबुजत राहील.

आता आपल्या प्रांताकडे येऊ. परिचर्येला पुढे येणाऱ्या स्त्रीची वाट येथे इंग्लंडपेक्षा अधिक बिकट होती, कारण येथे परपुरुषाच्या अंगाला हात लावणे, परजातीच्या मनुष्याचे मलमूत्र काढणे, रात्री घराबाहेर राहणे या तिन्ही गोष्टी एकदम आड येत. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला; त्यांच्या अंगावर कोणताही गणवेश नव्हता आणि त्यांच्या हाती कोणताही दाखला नव्हता, परंतु ज्याला स्पर्श करण्यास त्याचे आप्तही धजत नाहीत त्याला उचलून नेणे हे परिचर्येचे मर्म त्यांनी आचरून दाखवले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ मध्ये काशीबाई गणपत यांनी परिचर्येचे शिक्षण घेण्यास प्रारंभ केला, आणि आपल्या परिचर्येच्या इतिहासग्रंथांत पहिली भारतीय परिचारिका म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदनाची स्थापना झाल्यावर रमाबाई रानडे यांनी विधवा तरुणींना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवण्याचा उपक्रम हाती घेतला, तेव्हा त्यांना केवढा लोकापवाद सोसावा लागला असेल याची कल्पना आज सहजी येणार नाही. ज्या समाजात विधवेची वस्त्रेच तिला मंगलकार्यातून, पंगतीतून, माजघरातून दूर ठेवीत, त्या समाजात तिने परिचारिकेची स्वच्छ पांढरी साडी नेसून वॉर्डात पाऊल टाकताच मनुष्ये अंथरुणावरून तिची वाट पाहू लागत. वस्त्राने हिरावलेली प्रतिष्ठा वस्त्रानेच परत दिली. म्हणून आपल्या आजीच्या पिढीतल्या परिचारिका गणवेशाविषयी इतक्या हळव्या असत, खळीचा एप्रन आणि ताठ टोपी यांवर त्यांचा इतका जीव असे. त्या हळवेपणाचा मी अनादर करणार नाही.

तथापि ती टोपी गेली याचे मला दुःख नाही. केस झाकण्यासाठी जिची योजना झाली ती पुढे खळ देऊन ताठ केलेली व डोक्याच्या मागच्या अंगाला पिनांनी टाचलेली केवळ हुद्द्याची खूण होऊन बसली. तिने केस झाकले जात नसत, ती सलाईनच्या नळीत अडके आणि रोज धुतलीही जात नसे. साडीचेही तसेच आहे. हृदय थांबलेल्या रुग्णाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे ५ सेंटिमीटर खोल जाईल इतका दाब द्यावयाचा तर परिचारिकेला प्रसंगी खाटेवर गुडघे टेकून ओणवावे लागते, आणि तेथे निऱ्या सावरीत बसणे रुग्णाच्या जिवावर बेतेल. सदरा-पायजम्याचा सुटसुटीत गणवेश ज्या संस्थांनी स्वीकारला त्यांनी परंपरा मोडली असे जे म्हणतात, त्यांनी परंपरा कशासाठी होती याचा विचार केलेला नाही.

वेषाच्या नियमांचा खरा गाभा कोपरापासून खाली आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टराच्या असे ध्यानात आले की, ज्या प्रसूतिकक्षात वैद्यकाचे विद्यार्थी शिकतात तेथे बाळंतिणी सूतिकाज्वराने फार मोठ्या संख्येने मरतात, आणि ज्या कक्षात सुइणी शिकतात तेथे त्या मानाने पुष्कळच कमी. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत. क्लोरिनच्या द्रावणात हात धुतल्यावाचून आत येऊ नये असा हुकूम सेमेलवाइस यांनी काढताच मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. या इतिहासातली जी गोष्ट मी प्रत्येक वर्गाला सांगत आले ती ही की, मृत्यू वाहून नेणारे ते हात दुष्टांचे नव्हते, आळशांचेही नव्हते. ते ज्ञानासाठी धडपडणाऱ्या विद्यार्थ्यांचे हात होते. शिकाऊ मनुष्य दिवसभरात अनेक रुग्णांना हात लावतो, एकाची नाडी पाहतो, दुसऱ्याचे ड्रेसिंग धरतो, तिसऱ्याला कुशीवर वळवतो, आणि म्हणूनच अपाय वाहून नेण्याचा धोका त्याच्या ठायी विशेष असतो. २००७ साली इंग्लंडच्या आरोग्य खात्याने कोपराखाली हात उघडा ठेवण्याचा दंडक घातला, लांब बाह्या, मनगटी घड्याळ आणि खडे बसवलेली अंगठी यांना मनाई केली, ती याच विचाराने. हात धुताना मनगट धुतले गेले पाहिजे, आणि बांगडीखालचे मनगट धुतले जात नाही. घड्याळ छातीला उलटे अडकवण्याची आपली जुनी रीत याच शहाणपणाची आहे, आणि त्यात सेकंदकाटा असलाच पाहिजे. नखांविषयी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन असे की नैसर्गिक नखांचे टोक अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी असावे आणि कृत्रिम नखे लावूच नयेत. अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीच्या एका नवजात अतिदक्षता कक्षात १९९७-९८ मध्ये स्यूडोमोनास जंतूची जी साथ पसरली व जिच्यात कित्येक अर्भके दगावली, तिच्या चौकशीत काही परिचारिकांच्या लांब व कृत्रिम नखांकडे बोट दाखवले गेले. हे ऐकल्यावर नखांचे कलम विद्यार्थिनीला जाच वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

परंतु कारण सांगण्याचीही एक रीत असते. नुकतेच लग्न झालेली मुलगी हातात हिरवा चुडा घालून पोस्टिंगला येते, आणि शिक्षिका तिला भर वॉर्डात, रुग्णांदेखत, सोबतिणींदेखत बांगड्या उतरवण्यास फर्मावते, असे प्रसंग मी पाहिले आहेत. त्या मुलीच्या दृष्टीने ती काच नव्हे; तिच्या सासरी त्या बांगड्या वाढवणे अशुभ मानले जात असेल, आणि संध्याकाळी तिला घरी जाबही द्यावा लागेल. हात मोकळे हवेत याविषयी माझ्या मनात तिळमात्र किंतु नाही, पण ही गोष्ट प्रवेशाच्या वेळीच, तिच्या वडीलधाऱ्यांसमक्ष, बाळंतिणीच्या व बाळाच्या जिवाशी तिचा कसा संबंध आहे हे समजावून सांगितली तर ज्या सासूला शकुनाचे भय आहे तिलाच ती पटते. कारण आपल्या घरातही सुइणीने हात धुऊन यावे असे तिला वाटतच असते. मंगळसूत्र गळपट्टीच्या आत टाचून ठेवले की सामान्य वॉर्डात त्याने काही बिघडत नाही. शस्त्रक्रियागृहात मात्र ते नको. चिकटवलेली टिकली निर्जंतुक ट्रेमध्ये पडू शकते, म्हणून ड्रेसिंगच्या व शस्त्रक्रियेच्या वेळी ती नको. एरवी तिच्यावरून रागे भरण्याचे प्रयोजन काय? मेंदी ही रंगलेली त्वचा आहे, मळ नव्हे. मुसलमान विद्यार्थिनीचा डोक्यावरचा रुमाल रोज बदललेला आणि टोके आत खोचलेली असा असेल तर रुग्णाचे त्यात कोणते अहित होते, हे मला अजून कोणी सांगू शकलेले नाही. आणि मुलांकडे पाहून मात्र आम्ही फार सौम्य होतो: मनगटातला देवाचा दोरा, बोटातली ग्रहांची अंगठी, वाढलेली करंगळीची नखे यांना मुभा मिळते आणि मुलीची काचेची बांगडी निघते. रुग्णाच्या जखमेला दोरा कोणाच्या मनगटातला आहे हे कळत नाही.

वेषाकडून वर्तनाकडे वळताना मी प्रथम संबोधनाविषयी बोलणार आहे, कारण वॉर्डात रुग्णाची पहिली मानखंडना बहुधा तेथेच होते. सत्तर वर्षांचा शेतकरी, ज्याला त्याच्या गावात नातवंडांपासून सरपंचापर्यंत सारे अहो-जाहो करतात, तो अंगात रुग्णालयाचा सदरा आल्याबरोबर ‘ए बाबा, तोंड उघड’ होतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘बारा नंबर’ होतो. अठरा वर्षांच्या मुलीला आजोबांच्या वयाच्या मनुष्याशी असे बोलण्याचे शिक्षण घरात मिळालेले नसते. ते तिला वॉर्डात मिळते, आमच्यापैकीच कोणाचे तरी ऐकून. आजी, मावशी, काका, दादा ही आपली नाती वापरावीत, ती रुग्णाला गोड वाटतात; पण केसपेपरवरचे नाव वाचून निदान एकदा त्या नावाने, ‘तुम्ही’ म्हणून, हाक मारावी. वॉर्डातल्या मामा-मावशींनाही हाच न्याय लागू आहे. खाट लोटणाऱ्या, बेडपॅन देणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या त्या माणसांशी विद्यार्थिनी कशी बोलते हे रुग्ण डोळे मिटूनही ऐकत असतो.

दुसरी गोष्ट, आपण विद्यार्थी आहोत हे रुग्णाला सांगणे. नावाची पट्टी त्यासाठीच असते, पण जिल्ह्याच्या रुग्णालयात येणाऱ्या पुष्कळांना ती वाचता येत नाही, तेव्हा ते तोंडाने सांगितले पाहिजे: ‘माझे नाव अमुक, मी इथे शिकते, आमच्या सिस्टर माझ्यासोबत आहेत, मी तुम्हाला इंजेक्शन देऊ का?’ ज्या शरीरावर आपण शिकतो ते आपल्या मालकीचे नाही, आणि मोफत उपचाराच्या बदल्यात गरिबाने ते आपल्या हवाली केलेले नाही. रुग्ण नको म्हणाला तर तो त्याचा अधिकार आहे. विद्यार्थिनीने तोंड पाडू नये आणि शिक्षिकेने डोळे वटारू नयेत. पडदा ओढणे, अंग उघडण्यापूर्वी सांगणे आणि हवे तितकेच उघडणे, पुरुष विद्यार्थ्याने स्त्रीरुग्णाच्या गुप्तांगांची शुश्रूषा करावयाची असल्यास तिची संमती घेणे व सोबत एखादी स्त्री ठेवणे, ही तर साधी माणुसकी आहे. मोबाईलविषयीचे कलम मला आज हात धुण्याच्या कलमाइतकेच महत्त्वाचे वाटते. दुर्मीळ व्रणाचे, जळालेल्या अंगाचे, नुकत्याच जन्मलेल्या अर्भकाचे चित्र काढून ते मित्रमंडळात फिरवणे यात विद्यार्थ्याला आपण काही भयंकर करतो आहोत असे वाटत नाही, कारण हेतू बहुधा अभ्यासाचाच असतो; परंतु ते चित्र ज्याचे आहे तो मनुष्य उद्या बरा होऊन आपल्या तालुक्याच्या बाजारात उभा राहणार आहे. एस. टी. त बसून दोघी मैत्रिणींनी मोठ्याने केलेली वॉर्डातली चर्चाही तितकीच अपायकारक. मागच्या बाकावर त्या रुग्णाचा मेहुणा बसलेला नसेलच असे नाही.

सेंट टॉमसच्या त्या नोंदवहीतली विश्वासार्हता मात्र सर्वांत अवघड. तिची परीक्षा मोठ्या प्रसंगी होत नाही, ती टी. पी. आर. च्या तक्त्यावर होते. कोणत्याही वॉर्डातले तक्ते चाळून पाहा, तापमान वेगवेगळे असते, नाडी वेगवेगळी असते, परंतु श्वसनाच्या रकान्यात पुष्कळदा एका ओळीने २०, २०, २०, २० असे आकडे दिसतात. चाळीस मनुष्ये एका तालात श्वास घेत नाहीत. श्वास मोजला गेलेला नसतो, कारण त्याला पूर्ण एक मिनिट लागते, आणि तो रुग्णाच्या नकळत, नाडी पाहिल्यावर मनगट तसेच हाती धरून, छातीकडे लक्ष ठेवून मोजावा लागतो. मोजतो आहे हे कळले की त्याची लय बदलते. मला आठवते, एका जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने सगळ्यांच्या पुढे २० लिहिलेल्या तक्त्यावर एका वृद्धेच्या नावापुढे ३६ लिहिले. तिच्या आधीच्या पाळीत कोणी मोजले नव्हते. इन्चार्ज सिस्टरांनी तिला आधी दटावले, मग स्वतः जाऊन मोजले, आणि लगोलग डॉक्टरांना बोलावणे धाडले; न्यूमोनिया होता. त्या मुलीचा गणवेश त्या दिवशी चुरगळलेला होता आणि सकाळी त्याबद्दल तिची हजेरी घेतली गेली होती. गणवेश चुरगळलेला असावा असे मी म्हणत नाही. पण वर्षअखेरीस वर्तनाचे गुण देताना आम्ही चुरगळलेल्या एप्रनचे गुण कापतो आणि प्रामाणिक आकड्याचे गुण देण्यासाठी पत्रकात रकानाच ठेवत नाही, याचा विचार अध्यापकांनी करावा. चुकीचे औषध दिले गेले तर ते त्याच क्षणी सांगणे हा विश्वासार्हतेचा परमोच्च कस आहे, आणि जेथे चूक कबूल करणाऱ्या विद्यार्थ्याला रुग्णाच्या नातेवाइकांपुढे उभे करून अपमानित केले जाते तेथे पुढचा विद्यार्थी चूक लपवील, याची जबाबदारी त्याच्यापेक्षा आमच्यावर अधिक राहील.

आज्ञापालनाविषयी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. दीप उजळून नाइटिंगेल यांच्या नावाची जी शपथ आपण घेतो ती त्यांनी लिहिलेली नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट येथे १८९३ साली लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने ती रचली, आणि डॉक्टरांशी एकनिष्ठ राहण्याचा तीतील भाव त्या काळाला धरून होता. १९५३ साली आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने व्यवसायाची नीतिसंहिता प्रथम स्वीकारली, आणि तिच्या पुढील आवृत्त्यांत परिचारिकेचे पहिले दायित्व शुश्रूषेची गरज असलेल्या मनुष्याकडे आहे हे निःसंदिग्धपणे सांगितले गेले. तेव्हा वरिष्ठ आल्यावर उठून उभे राहण्यास माझी हरकत नाही. परंतु एखाद्या आजींना घास भरवीत बसलेली विद्यार्थिनी राउंड आला म्हणून घास टाकून उठत असेल, तर आम्ही तिला चुकीचे शिकवले आहे.

आता संस्थेच्या दायित्वाकडे येते, आणि येथे मला अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानभाग ही तरुण परिचारिका पाळी संपल्यावर तळघरात गणवेश बदलत असता तेथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर पाशवी हल्ला केला. तिचे भान परत आले नाही. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी तिचा अंत होईपर्यंत, सुमारे साडेएकेचाळीस वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिला भरवले, न्हाऊ घातले, कुशीवर वळवले, आणि २०११ साली तिचे अन्न थांबवण्याविषयीचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे सुनावणीस आला तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. तो अर्ज न्यायालयाने नामंजूर केला. परिचर्येत निष्ठा म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना शिकवावयाचे असेल तर याहून मोठा पाठ मला ठाऊक नाही. परंतु त्या कथेचा प्रारंभ आपण नेहमी घाईने ओलांडतो. एक परिचारिका, कामावरचा वेष उतरवून घरचा वेष घालण्यासाठी, एका निर्जन तळघरात एकटी गेली होती.

गणवेशात बस पकडू नये, गणवेशात बाजारात जाऊ नये, वॉर्डातले जंतू घरी व घरचे वॉर्डात नेऊ नयेत, हा नियम शास्त्राला धरून आहे आणि मी त्याच्या बाजूची आहे. मात्र जी संस्था हा नियम करते तिने कपडे बदलण्यासाठी आतून कडी असलेली, उजेडाची, वर्दळीच्या जागी असलेली खोली दिली पाहिजे; कुलपाची कपाटे दिली पाहिजेत; मुलांसाठी निराळी खोली दिली पाहिजे. रोज धुतलेला गणवेश हवा असेल तर दोन जोड पुरत नाहीत, विशेषतः पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर, जेथे कपडा चार दिवस वाळत नाही. तेव्हा एक तर अधिक जोड द्यावेत किंवा रुग्णालयाच्या धुलाईगृहात विद्यार्थ्यांचे कपडे घेण्याची तजवीज व्हावी. बंद पादत्राण हवे असेल तर बारा तास उभ्या राहणाऱ्या पायांना सोसतील असे बूट कोणत्या दुकानात कोणत्या किमतीला मिळतात हे आधी पाहावे आणि मगच कलम छापावे. गणवेशाच्या त्रुटीबद्दल दंड घेणाऱ्या संस्थांना मी विचारते की, आदिवासी पाड्यावरून आलेल्या मुलीने तो दंड कोठून भरावयाचा? हात धुवा असे सांगून ज्या वॉर्डात साबण संपलेला व नळ कोरडा असतो, तेथे नियम मोडणारा विद्यार्थी नव्हे.

या महाविद्यालयाच्या चालकांनी येत्या वर्षी नियमांचे पत्रक नव्याने छापावयाचे ठरवले आहे असे समजले, म्हणून माझी त्यांना अशी शिफारस आहे. प्रत्येक कलमापुढे त्याने कोणत्या रुग्णाचे कोणते हित साधते ते एका ओळीत लिहावे. ज्या कलमापुढे अशी ओळ लिहिता येणार नाही ते वगळावे. पत्रकाच्या दुसऱ्या बाजूस संस्थेने विद्यार्थ्यांना काय द्यावयाचे आहे त्याचा तपशील तितक्याच ठळक अक्षरांत छापावा, आणि खाली विद्यार्थ्याच्या सहीबरोबर प्राचार्यांचीही सही असावी. आणि परिचर्या परिषदेकडून तपासणीस येणाऱ्या मंडळींना मी विनंती करते की, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि हजेरीपट पाहून झाल्यावर त्यांनी रात्रपाळीच्या मुली ज्या खोलीत कपडे बदलतात ती खोली दाखवा म्हणावे, तेथवर स्वतः चालत जावे, आणि दाराला आतून कडी आहे की नाही ते आपल्या हाताने लावून पाहावे.